‘तो काळच तसा होता’, पण कुणाचा?

जुन्या अमेरिकी कार्टूनपटांतल्या वर्णद्वेषावरचा वाद दर दोन-चार वर्षांनी पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन विझतो. २०१४ साली ॲमेझॉन आणि आयट्यून्स यांनी ‘टॉम अँड जेरी’ला वांशिक पूर्वग्रहांबद्दलची सूचना जोडली तेव्हा हेच झाले; २०२० साली डिस्नेने आपल्या काही जुन्या चित्रपटांपुढे अधिक सडेतोड शब्दांतली पाटी लावली तेव्हाही हेच. एक पक्ष म्हणतो, असले काही आजच्या मुलांच्या नजरेला पडताच कामा नये, काढून टाका. दुसरा म्हणतो, तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने कालची मापे काढू नका आणि आमच्या बालपणाला हात लावू नका. दोन्ही पक्षांचा हेतू मला कळतो, पण दोघांच्याही मांडणीतून एकच माणूस गळालेला आहे: १९३० आणि १९४० च्या दशकांत ही चित्रे पाहून ‘हे आम्हाला मान्य नाही’ असे तिथल्या तिथे, लेखी आणि जाहीरपणे सांगणारा माणूस. ‘काळच तसा होता’ असे म्हटले की तो त्या काळातून हद्दपार होतो, आणि लघुपटच नाहीसा केला की तो कशाला विरोध करत होता याचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून हे लघुपट अखंड, न कापता, जाणत्या प्रेक्षकाला पाहता आले पाहिजेत असे मी म्हणतो. आणि तितक्याच ठामपणे असेही म्हणतो की त्यांच्या बचावाला काळाची सबब लावता येणार नाही.

बहुतेक जण असे धरून चालतात की कार्टून ही मुळात निर्मळ कला होती आणि अधूनमधून तिच्यावर वर्णद्वेषाचे शिंतोडे उडाले. शिंतोडे असते तर पुसणे सोपे होते. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ हे सोंग रंगमंचावर आणले. जळक्या बुचाची काजळी, रुंद रंगवलेले ओठ, पांढरे हातमोजे अशा थाटाचे ‘मिन्स्ट्रेल’ खेळ पुढची कित्येक दशके अमेरिकेची लाडकी करमणूक होऊन बसले आणि त्या सोंगाचेच नाव नंतर दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना चिकटले. विसाव्या शतकात हे खेळ रंगमंचावरून ओसरू लागले तेव्हा त्यांतले बरेचसे सामान या नव्या कलेने उचलले. ह्यू हार्मन यांनी १९२८ साली ‘बॉस्को’ या पात्राची नोंदणी केली ती ‘निग्रो मुलगा’ म्हणूनच, आणि १९३० साली वॉर्नर स्टुडिओच्या लुनी ट्यून्स मालिकेचा श्रीगणेशा झाला तो याच बॉस्कोला घेऊन. मिकी माउसच्या हातांवर १९२९ साली पांढरे हातमोजे चढले. त्याला एक रोकडे तांत्रिक कारण होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही: कृष्णधवल चित्रात काळ्या अंगासमोर काळा हात आला की तो दिसेनासा होतो. पण ही अडचण सोडवायला हातमोजाच का सुचला, याचे उत्तर रंगमंचावर आधीपासून उभे होते. शंका उरलीच असेल तर १९३३ चा ‘मिकीज मेलरड्रॅमर’ पाहावा. त्यात मिकी आणि मंडळी ‘अंकल टॉम्स केबिन’ या काळ्या गुलामांवरच्या गाजलेल्या कथेचा प्रयोग लावतात. सोंग रंगवण्यासाठी मिकी तोंडात फटाका धरतो, वात पेटवतो, स्फोट होतो, आणि काजळीने तोंड काळे झाले की गडी प्रवेशाला तयार. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या तोंडाचा उंदीर उरलेले तोंडही काळे करून काळ्या माणसाचे सोंग घेतो, हा विनोद क्षणात कळावा अशी तयारी प्रेक्षकाची आधीच झालेली होती. पुढे बॉम्ब फुटला की पात्राचा चेहरा काळा होणे ही युक्ती इतकी रुळली की तिचे मूळ कुणाला आठवेनासे झाले.

बचाव करणाऱ्यांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा कलेच्या स्वभावाचा आहे. अतिशयोक्ती हाच व्यंगचित्राचा धर्म आहे, तिथे कुणाचीच गय होत नाही, मग एकाच समाजाने रडण्याचे कारण काय? टेक्स एव्हरीने १९४१ च्या ‘हॉलिवुड स्टेप्स आउट’मध्ये त्या काळच्या झाडून साऱ्या ताऱ्यांची टर उडवली, ग्रेटा गार्बोला इतके अवाढव्य पाय दिले की बिचारी चालते की होडी वल्हवते असा प्रश्न पडावा. हे खरे आहे, आणि गमतीचेही आहे. पण ते पाय गार्बोचे आहेत. ते पाहून स्वीडनमधल्या यच्चयावत बायकांबद्दल कुणी काही ठरवले नाही. आता याच्या शेजारी फ्लायशर स्टुडिओचा १९३२ चा बेटी बूप लघुपट ठेवा, ज्याला लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याचेच नाव आहे. सुरुवातीला आर्मस्ट्राँग आणि त्याचा ताफा प्रत्यक्ष दिसतो: नीटनेटक्या कपड्यांतले, आपल्या वाद्यावर हुकमत असलेले कलावंत. मग चित्रे सुरू होतात, बेटीला नरभक्षक पळवून नेतात, तिच्या दोन सोबत्यांच्या मागे आभाळातून एका रानटी माणसाचे नुसते मुंडके गात गात धावते, आणि पाहता पाहता त्या मुंडक्याच्या जागी आर्मस्ट्राँगचा छायाचित्रित चेहरा येतो. गार्बोच्या बाबतीत एका व्यक्तीचे वैशिष्ट्य फुगवून व्यंगचित्र झाले. इथे त्या काळातल्या सर्वांत प्रतिभावान तुतारीवादकांपैकी एकाला त्याची व्यक्ती काढून घेऊन जंगलातल्या साच्यात बसवले. दोन्हींना ‘अतिशयोक्ती’ हा एकच शब्द लावणे ही भाषेची चलाखी आहे. आणि तरीही मला कबूल केले पाहिजे की त्या लघुपटाचे संगीत ऐकताना पाय ठेका धरतो. ही अडचण खरी आहे आणि ती मी मिटवू पाहत नाही.

दुसरा मुद्दा याहून नाजूक आहे. या लघुपटांत कृष्णवर्णीय कलावंत स्वतः सामील होते, मग त्यांचा अपमान झाला हे ठरवणारे आपण कोण? वॉर्नर स्टुडिओतल्या बॉब क्लॅम्पेटचा १९४३ चा ‘कोल ब्लॅक अँड डी सेबन ड्वार्फ्स’, म्हणजे ‘स्नो व्हाइट’च्या गोष्टीचे काळ्या पात्रांतले विडंबन, हे याचे नेहमीचे उदाहरण. क्लॅम्पेट आपल्या चित्रकारांना घेऊन लॉस एंजेलिसच्या क्लब अलाबाममध्ये नाच पाहायला गेला होता. नायिकेला व्हिव्हियन डँड्रिजचा आणि दुष्ट राणीला तिची आई रूबी डँड्रिजचा आवाज होता. हालचालींचा झपाटा, रंगांची उधळण आणि युद्धकाळातल्या टंचाईवरचे विनोद यांमुळे ॲनिमेशनचे अनेक जाणकार आजही त्याला त्या दशकातल्या सरस लघुपटांत मोजतात. मीही मोजतो. पण त्यातल्या राजपुत्राच्या समोरच्या दातांच्या जागी जुगाराचे फासे आहेत. आवाज देणाऱ्या स्त्रीला ‘या माणसाला माणसाचे दात असू द्या’ असे म्हणण्याचा अधिकार होता काय? आवाज भाड्याने घेतला जात होता. पेन्सिल मात्र कुणाच्या हाती द्यायची हे स्टुडिओ ठरवत होता. डिस्नेच्या स्टुडिओत पहिला कृष्णवर्णीय ॲनिमेटर, फ्लॉइड नॉर्मन, १९५६ साली रुजू झाला, म्हणजे मिकीच्या १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’नंतर २८ वर्षांनी. स्त्रियांचीही तीच गत. १९३८ साली काम मागणाऱ्या एका तरुणीला डिस्नेने पत्राने कळवले की कार्टून तयार करण्यातले सर्जनशील काम सर्वस्वी तरुण पुरुषच करतात आणि मुलींसाठी आहे ते शाई फिरवण्याचे व रंग भरण्याचे काम. सहभाग होता हे म्हणणे बरोबर आहे. फक्त तो कोणत्या खोलीपर्यंत होता तेही सांगावे.

पेन्सिल कुणाच्या हाती याने काय फरक पडतो, हे पाहायला जपानी-अमेरिकनांकडे वळावे लागते. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशावरून पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. याच सुमारास पडद्यावर पॉपायपासून बग्ज बनीपर्यंत सगळे जपानी माणसाला कवळीसारखे दात, जाड चष्मा आणि तिरपे डोळे लावून बडवत होते. १९४४ च्या एका लघुपटात बग्ज आइस्क्रीमवाला होऊन जपानी सैनिकांना आइस्क्रीममध्ये हातबॉम्ब घालून वाटतो. युद्धात शत्रूची टिंगल होणारच, असे यावर म्हटले जाते. मान्य. पण त्या टिंगलीत हिटलर हा हिटलर असतो आणि जपानी माणूस मात्र कुणीही जपानी असतो. आता क्रिस इशी यांची गोष्ट पाहा. ते युद्धापूर्वी डिस्नेत काम करत होते. सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या छावणीत त्यांची रवानगी झाली, आणि तिथल्या वार्तापत्रासाठी त्यांनी ‘लिटल नीबो’ नावाचा एक छोटा मुलगा काढायला घेतला. नाव पडले ‘लिटल निसेई बॉय’ या शब्दांवरून, निसेई म्हणजे अमेरिकेत जन्मलेली दुसरी पिढी. हात डिस्नेच्या तालमीत तयार झालेला, दशक तेच, देश तोच. पण या पोराकडे कुंपणाच्या आतून पाहिलेले होते. मांझानारच्या छावणीत त्या वेळी इवाओ ताकामोतो नावाचा कोवळा मुलगा सोबतच्या अनुभवी चित्रकारांकडून रेखाटन शिकत होता. १९४५ साली तो डिस्नेत लागला आणि पुढे स्कूबी-डू हा कुत्रा घडवला तो त्यानेच. कार्टूनच्या कलेला वेगळे डोळे काढता येतच नव्हते, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता त्या ‘काळा’कडे येऊ. १८४८ साली, म्हणजे मिकीच्या ८० वर्षे आधी, गुलामगिरीतून निसटून आलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या ‘द नॉर्थ स्टार’ या पत्रात मिन्स्ट्रेल नटांना गोऱ्या समाजातला गाळ म्हटले होते: निसर्गाने यांना न दिलेला रंग आमच्याकडून चोरून हे पैसा करतात आणि आपल्या बांधवांच्या बिघडलेल्या रुचीला खतपाणी घालतात, असा त्यांचा आरोप होता. समुद्रापलीकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचरणी लोकांना. काळ्या माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न जगातल्या विवेकी माणसांपुढे किती आधी आणि किती दूरवर पोहोचला होता, हे त्या अर्पणपत्रिकेवरून दिसते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेली एनएएसीपी ही संघटना १९१५ पासून चित्रपटांविरुद्ध रस्त्यावर उतरत होती. १९३१ साली ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने रेडिओवरच्या ‘एमस अँड अँडी’ या, गोऱ्या नटांनी काळ्यांची सोंगे वठवलेल्या मालिकेविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. ‘कोल ब्लॅक’ला एनएएसीपीने १९४३ सालीच, म्हणजे तो चित्रगृहांत लागला त्याच वर्षी, हरकत घेतली आणि वॉर्नरने तो मागे घ्यावा अशी मागणी केली. वॉल्टर लँट्झचा १९४१ चा ‘स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट’, ज्यात अख्खे गावच्या गाव पेंगत असते, भांडणसुद्धा पेंगत करते, तो पुन्हा प्रदर्शित होताच १९४८ साली याच संघटनेने आवाज उठवला आणि युनिव्हर्सलला तो काढून घ्यावा लागला. ही सगळी मंडळी कोणत्या काळात राहत होती? ‘तो काळ’ म्हणताना आपण फक्त हसणाऱ्यांचा काळ मोजतो आणि ज्यांच्यावर हसले गेले त्यांना त्या काळाचे नागरिकत्वच देत नाही.

आणि विरोध ऐकून बदलणेही तेव्हा शक्य होते. हंगेरीहून आलेल्या जॉर्ज पाल यांच्या बाहुल्यांच्या लघुपटांतल्या ‘जॅस्पर’ या मुलाच्या साचेबद्ध चित्रणावर कृष्णवर्णीयांकडून टीका झाली. त्याच पाल यांनी १९४६ साली लोखंडी रस्ते टाकणाऱ्या जॉन हेन्री या लोककथेतल्या वीरावर लघुपट केला, त्याला रेक्स इंग्राम यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नटाचे निवेदन दिले, आणि ‘एबनी’ मासिकाने त्याचे कौतुक केले. त्याच वर्षाचा ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ हा तर मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका लघुपट वाटतो. तो करवून घेतला मोटार कामगारांच्या संघटनेने, कारण दक्षिणेतल्या कारखान्यांत गोरे आणि काळे कामगार एका युनियनमध्ये आणायचे होते. त्याचा आधार होता रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रियांची १९४३ ची पुस्तिका, जिचे सैनिकांमध्ये वाटप करण्यास अमेरिकी लष्कराने मनाई केली होती. तो काढला यूपीए या नव्या स्टुडिओतल्या चित्रकारांनी, आणि त्यांच्यापाशी शाई, सेल्युलॉइड आणि कॅमेरा होते ते इतरांसारखेच.

इथवर मी बचाव करणाऱ्यांशी बोललो. कात्रीवाल्यांचे म्हणणे मला अधिक अस्वस्थ करते, कारण त्यांची बाजू नैतिकदृष्ट्या वरची आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी १९४० च्या दशकात मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या तेव्हा अनेक काळ्या मुलांनीही गोरी बाहुली ‘चांगली’ आणि काळी ‘वाईट’ ठरवली. शाळांतल्या वर्णविभाजनाविरुद्धच्या १९५४ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात त्यांच्या संशोधनाचाही दाखला दिला. चित्र पोराच्या मनात कसे घर करते हे त्यानंतर वेगळे सिद्ध करायला नको. सहा वर्षांच्या मुलासमोर शनिवारी सकाळी ‘कोल ब्लॅक’ लागू नये, यावर माझा वाद नाही. वाद आहे तो कापणाऱ्याच्या हातचलाखीशी.

आमच्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क आले आणि दुपारच्या दुपारी टॉम-जेरीत गेल्या. त्यात एक बाई असे. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नसे, जाड पाय, सपाता, हातात केरसुणी. आम्ही पोरे तिला घरमालकीण समजत होतो; ती अमेरिकी रंगभूमीवरच्या ‘मॅमी’ या मोलकरणीच्या साच्यातली आहे हे कळायला वीस वर्षे जावी लागली. यावरून कुणी म्हणेल की संदर्भच नसेल तर इजाही नाही. पण ज्या देशासाठी ते चित्र काढले गेले तिथे संदर्भ घरोघरी होता. १९४० ते १९५२ या काळात त्या बाईला बहुतेकदा आवाज होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी हे लघुपट ‘स्वच्छ’ करताना काही ठिकाणी त्या काळ्या पायांच्या जागी गोरे पाय काढले गेले आणि आयरिश ढंगाच्या बोलीत जून फोरे यांचा आवाज घातला गेला. परिणाम काय झाला? साच्यातली मोलकरीण मोलकरीणच राहिली. गेली ती फक्त रँडॉल्फ, जी तिथे खरोखर काम करणारी काळी व्यक्ती होती. ‘तीन डुकरांच्या’ १९३३ च्या डिस्नेपटातही असेच घडले: लांडगा ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेऊन येतो ते दृश्य नंतर नव्याने काढले गेले, आणि मूळ पाहिल्याशिवाय पुढच्या पिढीला पत्ताच लागू नये अशी सोय झाली. दृष्टिआड सृष्टी, आणि स्टुडिओची पाटी कोरी.

‘सेन्सॉर्ड इलेव्हन’ म्हणून ओळखले जाणारे वॉर्नरचे अकरा लघुपट १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्सने दूरचित्रवाणीच्या वितरणातून काढले. निर्णयामागचे भान नागरी हक्कांच्या चळवळीने आणलेले होते, त्याबद्दल आदरच आहे. पण ठरवले कुणी? मालकांनी. जसे काढताना विचारले नव्हते तसेच कापतानाही विचारले नाही. न विचारल्याने काय होते त्याचा एक मासला म्हणजे स्पीडी गोन्झालेस. मेक्सिकोच्या लोकांचा अपमान होईल म्हणून अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कने तो चपळ उंदीर पडद्यावरून उतरवला, आणि तो परत आणा म्हणून आग्रह धरला लॅटिनो लोकांच्याच एका जुन्या संघटनेने. २००२ साली तो परतला. यावरून असल्या सगळ्या चित्रांना माफी मिळते असे मुळीच नाही, कारण आर्मस्ट्राँगच्या मुंडक्यासाठी कुणी असा आग्रह धरलेला नाही. ज्याचे चित्र आहे त्याला विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात, इतकेच.

राहता राहिली पाटी. ती कात्रीपेक्षा शंभर पटींनी बरी. २००५ च्या लुनी ट्यून्स संचात कृष्णवर्णीय अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग समोर येऊन सांगते की हे पूर्वग्रह होते आणि ते लपवणे म्हणजे ते नव्हतेच असे म्हणण्यासारखे आहे. डिस्नेची २०२० ची पाटी, २०२५ साली तिचे शब्द सौम्य केले जाईपर्यंत, त्याहून एक पाऊल पुढे जाऊन म्हणत होती की हे चित्रण आज चूक आहे आणि तेव्हाही चूकच होते. ‘तेव्हाही’ या एका शब्दाला मी दाद देतो; काळाची सबब त्याने निकालात निघते. पण तेव्हा ते चूक आहे असे कुणी म्हटले होते, कोणत्या साली, आणि स्टुडिओने त्यांना काय उत्तर दिले? पाटी काही सेकंद राहते आणि तिच्यात एकही नाव नसते. त्या जागी विरोधाच्या पत्राचे नुसते छायाचित्र दाखवले तरी प्रेक्षक पुढची सात मिनिटे वेगळ्या डोळ्यांनी पाहील.

असे दाखवणे अवघड आहे म्हणावे तर ते एकदा करून झालेले आहे. एप्रिल २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या इजिप्शियन थिएटरमध्ये, टीसीएम वाहिनीच्या महोत्सवात, त्या अकरांपैकी आठ लघुपट दुरुस्त केलेल्या प्रतींवरून मोठ्या पडद्यावर दाखवले गेले आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रपट-इतिहासाचे अभ्यासक डोनाल्ड बोगल प्रेक्षकांशी त्यांबद्दल बोलले. दुसरीकडे, टेक्स एव्हरीचा १९४१ चा ‘ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू’, ज्यात बग्ज बनी एका सुस्त काळ्या शिकाऱ्याला फाशांच्या डावात ओढून त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा जिंकून घेतो, त्याचा स्वामित्वहक्क नूतनीकरणाअभावी केव्हाच संपला आहे. तो अकरांच्या यादीत आहे, आणि तरीही त्याची धूसर, ओरखडे पडलेली प्रत कोणत्याही पोराला फोनवर दोन टिचक्यांत सापडते. तिच्या आधी ना पाटी असते, ना बोगल.